नदी हरवलेला पडदा

मित्रांनो, मी नाटकाचा एक जुना पडदा आहे. खरे सांगायचे तर अर्धाच. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात, एका विणकराच्या घरी, मला बांबूला गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे.

माझा जन्म १९५५ सालचा. गावातल्या मराठी मंडळींनी गणपतीत नाटक बसवले. त्यात नदीकाठ हवा होता आणि बाहेरून पडदा आणण्याची ऐपत नव्हती. मग मथुराबाई विणकरणीने मागावरचे उरलेसुरले कापड जोडून मला शिवले. चित्रकलेचे दत्तात्रय मास्तर मला रंगवायला बसले. चुना, गेरू, काजळी आणि धुण्याची नीळ, एवढेच रंग. त्यांतून त्यांनी आपली तापीच उतरवली, काठच्या केळीच्या बागांसकट.

रंग धरावा म्हणून कापडाला आधी खळ द्यावी लागते. मथुराबाईंनी हाताच्या सवयीने मागावरच्या सुताला देतात तशी दाट खळ दिली. मी पापडासारखा ताठ झालो. रंग वाळल्यावर मला गुंडाळले, आणि पुन्हा उलगडले तेव्हा निळ्या आभाळाला जागोजागी पांढरे तडे गेले होते.

मथुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मास्तर, मी तुमच्या आभाळाचा नास करून टाकला."

मास्तरांनी एका तड्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "रडता कशाला, बाई? बगळे आलेत. उडू द्या त्यांना."

एकेका तड्याला त्यांनी चुन्याचे पंख आणि काजळीची चोच काढली. मथुराबाई पदराआडून हसल्या.

नाटकाच्या दिवशी मी खाली सुटलो, तसा मागून कोणीतरी ओरडला, "अरे, ही तर आपली तापी. यादव, तुझी म्हैस कुठे गेली रे?" सगळा मांडव हसला. मग लोकांना बगळे दिसले आणि टाळ्या पडल्या. तेवढ्याच टाळ्या माझ्या वाट्याला आल्या.

पुढच्याच वर्षी राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिले. नोकरदार मंडळी एकेक करून निघून गेली. मास्तरही नागपूरला गेले. जाताना मला मथुराबाईंच्या हवाली करून म्हणाले, "सांभाळा. नाटक करायला येईन."

दर दसऱ्याला मथुराबाई मला अंगणात उलगडून ऊन देत. बघायला दुसरे कोणी नसे.

एका उन्हाळ्यात त्यांचा मुलगा सुपडू म्हणाला, "माय, स्टेशनपर्यंत नेता नेता केळी उन्हानं काळी पडून राहिली. गाडीवर झाकायला हा पडदा दे."

"आन् मास्तर आले तर?"

"कायचे येतात मास्तर? इतकी वर्षं झाली. कोन पाहून राहिलं आता याला?"

मथुराबाई उठल्या. मग कात्री घेऊन, आभाळ पाण्याला टेकते तिथून त्यांनी मला स्वतःच कापले.

"खालचं ने," त्या म्हणाल्या. "बगळे राहू दे. ते माझे आहेत."

केळी झाकता झाकता माझी नदी उन्हात विरून गेली. पुढे मथुराबाईही गेल्या. आता दसऱ्याला कोणी माळ्यावर चढत नाही.

मित्रांनो, घरात काही गुंडाळून ठेवलेले दिसले, तर टाकण्याआधी एकदा उन्हात उलगडून बघा. आणि कधी माझ्यापर्यंत पोहोचलात, तर येताना थोडी नीळ आणा. माझे बगळे अजून उडतच आहेत. त्यांना उतरायला खाली एक नदी काढा.