वर्कशॉपला कुलूप

विश्वासरावांनी ते गुळगुळीत माहितीपत्रक डोळ्यांजवळ नेलं, मग हातभर लांब धरलं आणि वर्कशॉपच्या फोटोवर बोट ठेवून समोर बसलेल्या राजसला विचारलं, की या लेथखाली तुला काय दिसतं. राजसने वाकून पाहिलं. खाली चकाचक फरशी होती. काहीच दिसत नाही, असं तो जरा भीत भीतच म्हणाला.

"तेच तर. चालत्या लेथखाली लोखंडाचा कीस पडतो. हा फोटोपुरता पुसून ठेवलाय."

राजसची आई सुचेता नोकरीसाठी पुण्याहून जे. पी. नगरात येऊन तीन वर्षं झाली होती. तिने बत्तीस कॉलेजांचा तक्ता करून आणला होता, तोही रंगीत. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून सुट्टीच्या दिवशी अख्खं शहर ओलांडून ती येलहंक्याला आली होती, आणि आता पहिल्याच कॉलेजाला तिचा चेहरा पडला.

"पण काका, अ‍ॅक्च्युअली याचं रँकिंग खूप चांगलं आहे."

"असेल. वॉचमन काय म्हणतो?"

सुचेताच्या तक्त्यात वॉचमनचा रकाना नव्हता. पलीकडे पायरीवर बसलेली विश्वासरावांची नात चंदना हसू दाबत होती.

विश्वासराव होसकोट्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. केसभर फरक निघाला तरी अख्खी पेटी परत पाठवायची, मग मॅनेजर दारात येऊन हात का जोडेना, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी घरातले नळ, शेजाऱ्यांची कुंपणं आणि सुनेचा भाजीवाला तपासून पाहिला. घरातले सगळे मेटाकुटीला आले. तेवढ्यात एका पुतण्याने मुलासाठी कॉलेज कोणतं चांगलं म्हणून विचारलं, आणि सगळ्यांची सुटका झाली.

त्याला आता अकरा वर्षं होत आली. सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षा संपल्या, की विश्वासराव डबा घेऊन बसने निघायचे. कॉलेजच्या ऑफिसात ते पाऊल ठेवत नसत. फाटकावरच्या वॉचमनशी गप्पा, झेरॉक्सच्या दुकानात चौकशी, कँटीनमध्ये एक कॉफी, आणि मग वाट चुकल्यासारखं करत वर्कशॉप. पाहिलेलं सगळं एका लांबोळक्या वहीत उतरायचं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत घालायचं नाही, हा एकच नियम. आळीतली पोरं त्यांना अण्णा म्हणायची आणि ऑप्शन एंट्रीचे दिवस आले, की लॅपटॉप घेऊन त्यांच्याच व्हरांड्यात गोळा व्हायची. कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची. वरचं मिळण्यासारखं असलं, की खालच्याचा विचारच होत नाही. क्रम चुकला, की चार वर्षं चुकली, हे विश्वासराव प्रत्येकाला बजावत.

यंदा घरचीच पोर होती. चंदनाला मेकॅनिकलला जायचं होतं. यात दोष तिच्या अज्जाचाच होता. तिच्या आठव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात व्हर्निअर दिला होता, आणि तिने पहिली मोजणी आईच्या पोळ्यांची करून त्या कडेला जाड असल्याचा निकाल भर पंगतीत दिला होता. कौशल्या ते अजून विसरलेली नव्हती. कौशल्या आणि तिचा नवरा योगीराज दोघंही आठाच्या ठोक्याला कामाला बाहेर पडत. दुपारपासून घरात अज्जा आणि नात दोघंच. आज्जी गेल्यापासून तर दुपारचं जेवण, चारची कॉफी आणि तळ्यावरची फेरी ही दोघांची कामं होती. तिच्याशी वाद घातल्याशिवाय विश्वासरावांचा दिवस सरत नसे.

चंदनाच्या मनात मात्र हासनच्या पुढचं एक कॉलेज भरलं होतं. पहिल्या वर्षापासून मुलांना मशीनवर उभं करतात, असं तिला फिजिक्सच्या बाईंनी सांगितलं होतं. साडेचार तासांची वाट, म्हणजे हॉस्टेल आलं. अण्णा बघून येऊ देत, ते म्हणतील तसं, असं आईवडलांनी ठरवून टाकलं. विश्वासराव मे महिन्यातल्या एका शनिवारी जाऊन आले, न बोलता जेवले आणि झोपले. सकाळी चंदनाने वही उघडली. 'वर्कशॉपला कुलूप. मुलांचे हात स्वच्छ.' एवढंच होतं. ती नळ सोडून बाथरूममध्ये थोडी रडली. वाद घातला नाही, कारण त्या वहीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तीन आठवड्यांनी तिच्या मैत्रिणीने, सौम्याने, सोबत चल म्हटलं. सौम्याला तेच कॉलेज कॉम्प्युटरसाठी बघायचं होतं. चंदनाने घरी सौम्याकडे जाते म्हणून सांगितलं, म्हणजे अर्धं खरं सांगितलं, आणि पहाटेची बस धरली. एकदा नुसतं बघून यावं आणि विषय संपवावा, इतकंच तिच्या मनात होतं.

फाटकावर मल्लाप्पा नावाचा वॉचमन होता. कुठून आलात, त्याने कन्नडमध्ये विचारलं. येलहंका म्हटल्यावर तो खुलला. मागच्या महिन्यात तिथले एक अज्जा आले होते, ओळखता का? दोन तास वर्कशॉपमधून हलले नाहीत. एका पोराने केलेला तुकडा हातात घेऊन खिशातल्या व्हर्निअरने मोजला आणि त्याची पाठ थोपटली. मग इथे, याच स्टुलावर बसून डबा खाल्ला आणि म्हणाले, चाळीस कॉलेजं पाहिली, असं एक नाही पाहिलं.

"म्हणजे वर्कशॉप उघडं होतं?" चंदनाने विचारलं.

रविवार सोडला तर ते कधी बंदच नसतं, मल्लाप्पा म्हणाला. आतून लेथचा आवाज येतच होता. चंदना आत गेली आणि पाहून आली. कीस होता, तेलाचा वास होता, आणि तिच्याच वयाच्या एका मुलीच्या कोपरापर्यंत काळं लागलं होतं. आपण इथेच यायला हवं, हे तिला दारातच कळलं.

परतीच्या वाटेवर सौम्या तिच्या वतीने भरपूर संतापली. घरी जाऊन सरळ विचार त्यांना, असं ती दर थांब्याला सांगत होती. चंदनाला राग येईना. चौतीस वर्षं आणि वर अकरा वर्षं ज्या माणसाने एक खोटं अक्षर लिहिलं नाही, त्याने ते कशासाठी लिहिलं हे तिला न विचारता कळत होतं. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी अज्जाबरोबर तळ्यावर गेली आणि जरा जास्तच भांडली.

ऑप्शन एंट्रीच्या शेवटच्या दिवशी व्हरांडा रिकामा होता. बाकीच्या पोरांचं सगळं भरून झालं होतं. चंदनाने लॅपटॉप अज्जापुढे सरकवला. कौशल्या कॉफी घेऊन आली आणि दारातच थांबली. विश्वासरावांनी चष्मा लावून यादी वरून खाली वाचली, मग पुन्हा वर आले. पहिलं नाव येलहंक्यातल्याच कॉलेजाचं होतं, घरापासून दहा मिनिटांचं. हासनच्या पुढचं शेवटून दुसरं.

"हे पहिलं का?"

"जवळ आहे. कॉफी चुकणार नाही," चंदना म्हणाली. "आणि तिथे तर वर्कशॉपला कुलूप असतं."

विश्वासरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, लावला, पुन्हा काढला. कॉफीवर साय धरली. कौशल्याला काही कळेना, तिने ती तशीच सासऱ्यांपुढे ठेवली.

"चंदे, स्वल्प थांब," ते शेवटी म्हणाले. "ते खोटं आहे. वर्कशॉप उघडं होतं. फार चांगलं होतं. मी चुकीचं लिहिलं."

"माहीत आहे मला. मी बघून आलेय. मल्लाप्पाने तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

विश्वासरावांचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या परत पाठवलेल्या माणसाची पेटी पहिल्यांदा परत आली होती, आणि तीही नातीकडून.

"मग हे खाली का टाकलंस?"

"तुम्हाला खोटं पाडून जायचं नव्हतं मला."

त्यांना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले, आणि दोन्ही लपवायला काही सुचेना म्हणून त्यांनी लॅपटॉपच पुढे ओढला. हासनच्या पुढचं नाव बोटाने वर सरकवायला गेले, ते निसटून तिसऱ्याच जागी जाऊन बसलं. चंदनाने हात पुढे करून ते पहिल्या क्रमांकावर नेलं. विश्वासरावांनी एकदा, दोनदा, तीनदा वाचून पाहिलं आणि सरी, बरोबर आहे, म्हणून मान हलवली.

"शनिवारी अडीचला फाटकासमोरून थेट बस सुटते," ते म्हणाले. "सातला मॅजेस्टिकच्या स्टँडवर. डावीकडे बसायचं, उजवीकडे ऊन लागतं."

"हे कधी बघून ठेवलंत?"

"त्याच दिवशी. त्याच बसने आलो ना मी." त्यांनी गार झालेली कॉफी उचलली. "वाटेत कुणिगल येईपर्यंत तर तुला पाठवायचंच ठरलं होतं माझं. पुढे घर जवळ यायला लागलं."