गुरांची नोंद

दगडांवर टेकवलेल्या फळीवर पालथे पडून प्रतापराव ड्रॉपरने मातीवर थेंब सोडत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आनेकलच्या उन्हात हा उद्योग! दर रविवारी रक्षिता वडिलांना चिकपेटेतल्या घरून गाडीत घालून इथे आणायची आणि कुंपणाशी उभी राहून ऑफिसचे मेसेज वाचायची.

"ये, बघ. हिरवं होतंय."

"पाहिलंय, अप्पा. शंभरदा."

"शंभर नाही, स्वल्प कमी." ते हसले. "दोन महिने पाण्याचा थेंब नाही, तरी तक्रार नाही. पाणी मिळालं की दहा मिनिटांत कामाला हजर. तुझ्या ऑफिसात आहे असं कोणी?"

ती पाहायला पुढे आली, तसे ते खेकसले, "पाऊल! पाऊल मागे घे!"

ती मागे सरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता प्रतापराव गेले.

कृषी महाविद्यालयात शिकवत असल्यापासून, तेहतीस वर्षं, त्यांनी हा माळाचा तुकडा राखला होता. पाहणाऱ्याला तिथे काळपट खपल्यांखेरीज काही दिसत नसे. पण ती खपली म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी धाग्याधाग्याने विणलेली, जमिनीची कातडी होती. वाऱ्याने माती उडू नये, पावसाने वाहू नये, म्हणून विणलेली. एका पावलाने ती फुटते आणि भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

तेराव्यानंतरच्या रविवारी भीमसेनचिकप्पांनी, तिच्या धाकट्या काकांनी, तिला मुद्दाम तिथे बोलावून घेतलं. कुंपणाचं फाटक सताड उघडं होतं. मधोमध सोनचाफ्याचं रोप, शेजारी अप्पांच्या नावाची पाटी, आणि सगळीकडे चपलाबुटांचे ठसे. पाइपाचं पाणी अजून वाहत होतं.

"समाजाची तीस माणसं आली होती," चिकप्पा डोळे पुसत म्हणाले. "पहिली कुदळ मी मारली."

"कोणाला विचारून?"

"झाड लावायला विचारायचं असतं काय गं? इथे होतं काय? एक पान नाही. अण्णाची लाज वाटायची मला. शेतीचा प्रोफेसर, आणि जमीन ही अशी."

"तेहतीस वर्षं तुमचा भाऊ इथे काय करत होता, ते कधी विचारलंत?"

"तू विचारलंस?"

रक्षिताने वाकून रोप मुळासकट उपसलं आणि कुंपणाबाहेर भिरकावलं. चिकप्पांच्या धोतरावर चिखल उडाला.

"डोकं फिरलंय पोरीचं," ते पुटपुटले, पण हलले नाहीत.

प्रतापरावांची शेवटची विद्यार्थिनी धनलक्ष्मी कडेने, फळीवरून तोल सांभाळत आली. तिच्या हातात त्यांची जुनी वही होती.

"अक्का, सगळं गेलेलं नाही. उत्तरेकडची पट्टी वाचली. गुरांची पट्टी."

"कसली?"

"तिथे एकदा गुरं शिरली होती ना? तुटलेली खपली किती वर्षांनी भरते, ते सरांनी तिथेच मोजलं. त्यांचं सगळं काम त्या ठशांवरच उभं आहे. तेवढी पट्टी राहिली तर मी पुढे मोजेन. कुणाला पाय ठेवू देऊ नका."

रक्षिताने हात साडीलाच पुसले. त्या माळावर गुरं कधी शिरली नव्हती. ती अकरा वर्षांची होती. आई इस्पितळात होती, आणि तशा रविवारीही अप्पा तिला घेऊन इथेच आले होते. ते विहिरीवर गेल्याबरोबर तिने चपला काढल्या आणि उत्तरेच्या कडेने, टाचा आपटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग गाडीत जाऊन बसली. आई परत आली नाही. त्या पावलांचा विषय कधी निघाला नाही.

"दाखव."

धनलक्ष्मीने पान काढून दिलं. सन १९९४. निळ्या शाईत सहा ठसे, प्रत्येकाची लांबी, खोली, टाचेपाशी किती चुरा. रेखाटन अप्पांच्या हातचं, एका रेषेचीही हयगय नाही. प्रत्येक ठशाला पाच बोटं होती. लांबी साडेआठ इंच. आणि खाली, कारणाच्या रकान्यात, त्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: गुरं.

त्यापुढे दर वर्षाची एक ओळ. कालपरवापर्यंतची.

"या रकान्यात चूक आहे असं मी सरांना एकदा म्हटलं होतं," धनलक्ष्मी हलकेच म्हणाली. "ते म्हणाले, राहू दे, सरी आहे, बरोबरच आहे."

चिकप्पांनी पाइपाचं पाणी बंद केलं. रक्षिता फळीवर चढली आणि उत्तरेच्या पट्टीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज शेजारच्या शेतात काम करणाऱ्या बायकांनाही ऐकू गेला.

"गुरं नव्हती, अप्पा! मी होते. आई इस्पितळात एकटी होती, म्हणून मुद्दाम तुडवलं मी. तुम्हाला ठाऊक होतं. मोजत काय बसलात? मला विचारायचं होतंत!"