न येणारा ताप

धाकटा माझा भाऊ, आणि प्रयोगशाळेत माझ्याच शेजारच्या टेबलावर काम करणारा. घरी आमची भांडणं व्हायची तीही जिवाणूंवरून. आई वैतागायची, "जेवताना तरी त्यांना बाहेर ठेवा रे!"

काम सांगायला सोपं होतं. जिवाणूच्या अंगावर एक स्निग्ध रेणू असतो. तो दिसला की शरीर बोंब ठोकतं आणि ताप चढतो. आम्ही जिवाणूची जनुकं बदलून तो रेणूच वेगळा घडवला, शरीराला ओळखू न येणारा. त्यातून पुढे ताप न आणणारी लस करायची होती. सशांना जिवंत जिवाणू टोचले तरी पारा हलला नाही, तेव्हा धाकट्याने मला भर प्रयोगशाळेत उचलून गरगर फिरवलं होतं. तापमान घेऊन झालं की त्याच दिवशी ससे मारत, त्यामुळे पुढे काय होतं ते कुणी पाहिलंच नाही.

मी कामासाठी बाहेरगावी असताना टोचताना एका सशाने हिसका दिला आणि सुई धाकट्याच्या अंगठ्यात गेली. साहेबांनी नियम वाचून दाखवला: घरी जा, ताप बघत राहा, चढला तर दवाखाना गाठा. तो नियम जुन्या, साध्या जिवाणूंसाठी होता. ज्यातून आम्ही तापच काढून टाकला, त्यालाही तोच लावला! एवढी शिकलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. धाकट्याच्याही नाही. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी परत आले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ पांढरेफटक, श्वास लागलेला.

"थकलाय जरा," आई म्हणाली. "ताप नाहीये. मी सारखी बघतेय ना."

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"सुई टोचली. आपल्याच जिवाणूची," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघता बघता त्यालाही कळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्याच. "रक्तभर जिवाणू पसरलेत. औषध सुरू केलंय, पण मूत्रपिंडं बंद पडलीत. इतके दिवस काय करत होतात?"

"ताप नव्हता हो," आई म्हणाली.

बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार आशा धरू नका. मी आत गेले. धाकट्याची नखं काळीनिळी पडली होती.

"ताई, माणसात चालेल का, हीच शंका होती ना आपल्याला?"

"गप्प पड."

"सांग ना. जमलं ना आपल्याला?"

त्याच्या एक थोबाडीत मारावी आणि त्याला घट्ट मिठीत धरावं, दोन्ही एकदम वाटलं. तो निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता.

"जमलं," मी म्हणाले. "अगदी चोख जमलं."

तो समाधानाने हसला. ते हसू दारातून आईला दिसलं आणि ती धावतच आत आली.

"काय जमलं गं? उतार पडतोय ना?"