जांभळ्या स्केचपेनची आमदारकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एक साधा जांभळा स्केचपेन आहे आणि विधान परिषदेचा आमदार माझ्या टोकातून निघतो.

खालच्या सभागृहाला बटण दाबलं की झालं. आमच्या वरच्या सभागृहाला मतदार पडद्याआड जातो आणि उमेदवारांच्या नावासमोर पसंतीचे आकडे लिहितो, तेही फक्त माझ्याच शाईनं. खिशातला स्वतःचा पेन चालत नाही, मग तो सोन्याचा का असेना. त्यामुळे मी पहिल्यापासून जरा ताठच. मोताळ्याच्या तहसील कार्यालयात मी आलो तो मतपत्रिकांच्या शेजारी बसून, पोलीस बंदोबस्तात. माझी सख्खी भावंडं तेव्हा कुठल्या तरी बालवाडीत हत्ती रंगवत होती.

या खेपेला उभे होते पुंजाजी. आमदारकीचं वेड इतकं जुनं, की गाव त्यांना आधीपासूनच ‘आमदार’ म्हणायचं, निम्मं आदरानं आणि निम्मं चहासाठी. या निवडणुकीत मत देतात ते नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. मतदार थोडे, म्हणून उमेदवार त्यांना जावयासारखं जपतात. पुंजाजींनी आपल्या मतदारांना बसमध्ये घालून समुद्रकाठी नेलं होतं. तिथे रोज नाश्त्यानंतर ते स्वतः फळ्यावर शिकवायचे. मला हे रांगेतल्या गप्पांतून कळलं.

“माह्या नावासमोर फक्त एक काढा. बरोबरची खूण नाई, सही नाई, अंगठा नाई, जय हिंद बी नाई!”

माणसानं आणखी काय सांगायचं? बिचाऱ्यांनी सगळं सांगितलं होतं.

मतदानाला तानुबाई आल्या. नगरसेविका, आणि पुंजाजींच्या चुलत वहिनी. बाकी कोण कुठे घसरेल याचा नेम नव्हता, पण हे मत पक्कं. अधिकाऱ्यांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, “बाई, आकड्याशिवाय कसलीच खूण करू नका. मत बाद होतं.”

“हाव, मालूम हाय मले,” तानुबाई म्हणाल्या आणि आम्ही पडद्याआड गेलो.

त्यांनी माझं टोपण काढलं, मला कपाळाला लावलं आणि मतपत्रिकेच्या वर, मधोमध, ‘श्री’ लिहायला घेतला. मला घाम फुटला. मी अंग आकसून घेतलं, शाई अडवून धरली. त्यांनी मला दोनदा झटकलं आणि पुन्हा गिरवला. मग पुंजाजींच्या नावासमोर एक सुरेख १ काढला.

त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. वाणसामानाची यादी असो की लग्नाची पत्रिका, श्री काढल्याशिवाय या बाईनं आयुष्यात कागदाला पेन टेकवलेला नाही. खूण करू नका म्हटल्यावर त्यांनी खूण केलीच नव्हती. देवाच्या नावाला खूण कोण म्हणतं?

काम फत्ते झालं या आनंदात त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि बाहेर पडल्या. अधिकाऱ्यांना माझी आठवण झाली तोवर मी सहलीच्या काजूंत बसून घरी पोहोचलो होतो.

निकाल लागला. दोन्ही उमेदवारांना समान मतं, एक बाद. चिठ्ठी काढली, ती समोरच्याच्या नावाची निघाली. त्या एका मतात पुंजाजींची आमदारकी होती.

दोन दिवसांनी ते तानुबाईंच्या ओसरीवर येऊन बसले. चेहरा पार उतरलेला. सुनेनं चहा आणला.

“वहिनी, आपल्यातल्याच एकानं घात केला. तो कडूबाच.”

कडूबा म्हणजे किराणा दुकानदार, नगरसेवक आणि पुंजाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न तोंडावर आलं होतं.

“कडूबा भाऊजी काऊन करतीन असं? परवा इथंच बसून रडले ते. म्हणे, पुंजाजी मले दारात उभा करत नाई.”

“नाटक हाय सारं. मी त्याच्या पोरीच्या लग्नाले जात नाई. त्याचं माहं बोलणं संपलं.”

तानुबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवीतून मला काढलं.

“मी तं देवाचं नाव घेऊन मत देल्लं, भाऊजी. हा पेन पाहा, चुकून संगं आला. यानंच आधी वर श्री काढला, मंग तुमच्यासमोर एक. तरी देवानं ऐकलं नाई.”

पुंजाजींची बशी ओठाशी थांबली. तो श्री त्यांनी मोजणीच्या टेबलावर डोळ्यांनी पाहिला होता. कडूबाच्या बिलांवर असाच श्री असतो, म्हणून त्याचाच धरून बसले होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता घर डोक्यावर घेणार.

“श्री चांगला उमटला होता ना, वहिनी?”

“हाव तं! पयले उमटेच ना, मंग दुबार गिरवला.”

पुंजाजींना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. हसत होते की रडत, ते मला कळलं नाही, पण त्या माणसाची मला फार माया आली. डोळे पुसून त्यांनी फोन लावला.

“कडूबा, मांडववाला ठरवला का बे? नाई ना लेका, राग कायचा? मी येऊन राह्यलो. जेवतो तिथंच.”

“भाऊजी, खचू नका,” तानुबाई दारापर्यंत आल्या. “पुढच्या बारीले उभे राहा. मी श्रीच्या दोन्ही बाजूनं स्वस्तिक बी काढतो.”

“काढा, वहिनी,” पुंजाजी म्हणाले आणि चपला घालून निघाले.

आता मी इथेच, टीव्हीजवळच्या पेल्यात असतो. शाई संपत आली आहे. कोणी पाहुणा आला की तानुबाई मला त्याच्या हातात देतात आणि मत कसं दिलं ते अभिमानानं सांगतात. तुम्हीही कधी याल. चहा घ्या, मान डोलवा, पण ते मत कोणाचं बाद झालं हे त्यांना सांगू नका. ज्याची आमदारकी गेली त्यानं सांगितलं नाही, तुम्ही कशाला सांगता?