कापसातून येणारे नाव

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. वडनेर भोलजीच्या रेणुकाकडे आलो तेव्हाच माझा एक कोपरा फुटलेला होता. शेजारच्या मतीनभाईंनी माझ्यात लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि मी पुन्हा तरतरीत झालो. पहिले वाय-फाय मला रेणुकाच्या बाबांच्या फोनवरून मिळाले. त्याला नाव बाबांचेच, 'कचरू'. ओळखीचे नाव दिसले की न विचारता जोडून घ्यायचे, हा माझा स्वभाव.

पुढे बोंडअळीवर फवारणी करताना विष अंगात भिनले आणि बाबा गेले. भाव येईल म्हणून ठेवलेला त्यांचा कापूस आतल्या खोलीत छताला टेकलेला राहिला.

त्यानंतर एका दुपारी रेणुकाची नोकरीची मुलाखत माझ्या पडद्यावर होणार होती. घराला आशा तेवढीच. मतीनभाईंनी आपले वाय-फाय दिले होते, पण मी ते सारखा सोडत होतो. रेणुकाने माझा वाय-फायचा ड्रायव्हर तपासला, मला बंद करून पुन्हा चालू केले. शेवटी मी कोणाला जोडला गेलोय ते तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. 'कचरू'. जोडलेले, पण इंटरनेट नाही.

"आई, बाबाचा फोन कुठी हाय?"

"मले काय माहीत?" सिंधूताई नजर चुकवत म्हणाल्या.

रेणुका मला घेऊन घरभर फिरली. चुलीपाशी सिग्नल अगदी कमी, कापसाच्या खोलीच्या दारात पूर्ण. खरे सांगतो, मलाही भीती वाटली. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळली. आत काहीतरी कोमट होते.

"काढू नको वं!" सिंधूताई रडू लागल्या. "मीच चार्ज करून ठेवतो रोज. त्यायच्याच कापसात ठेवला. बंद केला तं ते खरंच गेले, असं वाट्टे मले."

"आग लागंन ना माय!" रेणुकाने फोन हळूच काढून आईच्या हाती दिला, चालूच. मग मला बजावले, या नावाला आपणहून जोडायचे नाही. मुलाखत झाली, नोकरीही मिळाली.

गेल्या महिन्यात कापूस विकला. फोनची बॅटरी फुगून तो कायमचा बंद पडला. खोली झाडून रिकामी झाली.

तरी तिथून 'कचरू' हे नाव मला अजून दिसते, पूर्ण सिग्नलसह. मित्रांनो, जुने यंत्र पुसून भंगारात देण्याआधी त्यात कोणाचे नाव उरले आहे ते एकदा उघडून बघा. "जोडू का?" मी रोज विचारतो. रेणुका 'नाही' दाबते. नाव मात्र पुसत नाही.