पाहुणीची खुर्ची

हाझ्विनेईला खुर्ची मिळाली ती तिच्या सासूच्या मयताच्या दिवशी. इतकी वर्षं त्या घरात चटईवर बसणारी सून, आणि त्या दुपारी तिच्या थोरल्या नणंदेनं, माकान्यारानं, आतून पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, साऱ्या बायकांच्या देखत तिच्या मागे ठेवली आणि म्हणाली, "बसा पाहुण्याबाई." आजूबाजूच्या बायका जमिनीवर पाय लांब करून बसलेल्या आणि मधोमध ही एकटी खुर्चीवर, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी. आपल्याकडे सुनेला शिव्या दिल्या, भांड्यांचा ढीग पुढ्यात टाकला, तर त्यात काही नाही, ती घरचीच असते. खुर्ची दिली की मात्र समजायचं की हिचं नाव घरातून पुसलं.

आणि माकान्याराचं काही चुकलं होतं असं मी तरी म्हणणार नाही. घरातलं म्हातारं माणूस गेलं की सुनांनी त्याचे कपडे चढवायचे, त्याची चाल, त्याच्या खोडी, त्याच्या शिव्या अंगणात जशाच्या तशा उभ्या करायच्या आणि रडणाऱ्यांना हसवायचं. हे काम लेकींचं नाही, सुनांचंच. माकान्यारानं आईची तपकिरी शाल मोठ्या मानानं हिच्या खांद्यावर टाकली. पण ही पडली हरारेची! चर्चच्या पहिल्या बाकावर वाढलेली, वडील ढोलाचा आवाज आला की खिडक्या लावून घेणारे. बाईसाहेबांनी शाल दोन बोटांनी उतरवली, तिची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, मेलेल्या माणसाची चेष्टा कशाला, त्यापेक्षा आपण प्रार्थना करू या. ढोल वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. आणि मग ती खुर्ची आली.

त्यानंतर हाझ्विनेई नवऱ्याबरोबर चिवीला, सासरच्या गावी, जाईल तेव्हा खुर्ची तयार. पाणी आणायला उठली की, "राहू द्या, तुम्ही बसा." मक्याच्या पिठाचा सादझा ढवळायचा दांडा हातात घेतला की, "तुमचे हात भाजतील." सगळं अगदी गोड आवाजात. ही वरून म्हणायची, मला काय त्याचं, उलट आराम आहे. आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायची. नवरा, मुगोवे, शेंगदाणे सोलत बसायचा. त्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

वर्ष होत आलं तसा माकान्याराचा निरोप आला. आईचा आत्मा घरात परत आणायचा सोहळा ठरला होता, दारू मुरायला घालायची वेळ झाली होती. निरोपाचं शेपूट हाझ्विनेईसाठी होतं. सुनांची पाळी येईल तेव्हा रिंगणात उतरणार असशील तर ये. पुन्हा खांबासारखी उभी राहणार असशील तरी ये, खुर्ची आहेच, आणि मग ती कायमची तुझीच.

मुगोवे तिला म्हणाला, "अगं, तुला येतं की. आपल्या स्वयंपाकघरात आईची नक्कल करतेस तेव्हा मला ठसका लागतो." आणि ते खरंच होतं. सासूवरचा सगळा राग ती हरारेत गॅसच्या शेगडीपुढे काढायची. पण त्यावर ती फणकारली, की ते रागाचं काम, चार भिंतींतलं. तिथे अंगणात रीतसर नाच लागतो, ढोलावरचा म्हांदे लागतो, तो मी शिकेन. शिकलेल्या बाईचं असंच असतं. प्रत्येक गोष्टीचा क्लास कुठेतरी असणार, असा तिचा ठाम विश्वास.

आणि क्लास होताही! हरारेच्या बागेत दरवर्षी कलामहोत्सव भरतो. तिथे एका तंबूवर पाटी होती, की आपल्या पूर्वजांचं नृत्य आणि संगीत शिका, तीन दिवसांत. पूर्वजांना जन्म गेला ते शिकायला, पण पूर्वज बहुधा मठ्ठ असावेत. शिकवणारा होता मास्टर झिवानाई. डोक्याला शहामृगाची पिसं, कमरेला बिबट्याच्या ठिपक्यांचं नायलॉनचं कापड, गळ्यात इतके मणी की मान वळवताना त्याला खांदेही वळवावे लागत. हा वेश कुठल्या गावचा, कुठल्या कुळाचा, कुणाला विचारायची सोय नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की फोटोत छान येतो.

तंबूत हाझ्विनेईबरोबर नॉर्वेहून आलेल्या दोघी होत्या, एक बँकेचा साहेब होता आणि कुठल्याशा वकिलातीतली एक उंच बाई होती, ती सतत डोळे मिटून घ्यायची. सगळ्यांच्या पोटऱ्यांना बियांचे खुळखुळे बांधले गेले. झिवानाईनं माईक तोंडाशी धरला. पाय, पाय, कंबर, आणि हसा! पुन्हा. पाय, पाय, कंबर, आणि हसा! ढोलवाल्याला त्यानं मागे एका कोपऱ्यात बसवलं होतं, कारण तो दिसला की म्हणे प्रेक्षकांची नजर भरकटते. बँकेचा साहेब कंबर सोडून बाकी सगळं हलवत होता. उंच बाईला रडू आलं, आपल्याला आतून काहीतरी जाणवतंय म्हणाली. बहुतेक खुळखुळ्याची दोरी घट्ट झाली असावी.

हाझ्विनेईनं मधल्या सुट्टीत मास्टरना आपली अडचण सांगितली. सासूचा सोहळा आहे, सुनेनं उभं राहायचं आहे, तर काय करावं? मास्टरनी थंड पेयाची बाटली तोंडापासून दूर केली आणि म्हणाले, सोहळा कुठलाही असो, ऊर्जा महत्त्वाची. लोकांकडे तोंड ठेवा, पाठ कधी दाखवू नका, दात दिसले पाहिजेत. तिनं मान डोलवली. एवढ्या ज्ञानासाठी तिनं नव्या बुटांचे पैसे मोडले होते.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना मंचावर चढवलं. हाझ्विनेई त्यांच्यात खरोखर उजवी होती, हे मान्य करायला हवं. पाय चुकला नाही, कंबर चुकली नाही, हसू तर शेवटपर्यंत टिकलं. टाळ्या पडल्या. मुगोवे भाजलेलं कणीस खात पुढे उभा होता, तो म्हणाला, "छान झालं," आणि दातांत अडकलेला दाणा जिभेनं काढत राहिला. तिला वाटलं, आता बघतेच त्या चिवीकरणींना. जाताना तिनं महोत्सवातल्या दुकानातून चकचकीत वॉर्निश मारलेले खुळखुळेसुद्धा घेतले.

चिवीला पोचली तर खुर्ची अंगणात ठेवलेलीच होती, पुसूनबिसून. रात्रभर ढोल वाजले, बायका टाळ्यांवर टाळ्या देत गात राहिल्या आणि ही खुर्चीवर आपली पिशवी मांडीत घेऊन बसली. सकाळी सगळे दारूचं मडकं घेऊन थडग्यावर गेले. मडकं खरं तर थोरल्या सुनेच्या डोक्यावर असायचं, ते धाकट्या जावेच्या डोक्यावर दिलं होतं. दारू मातीवर ओतली, म्हातारीला घरी चल म्हणून सांगितलं, आणि गात गात मंडळी अंगणात परतली. आता सुनांची पाळी.

आधी धाकटी जाऊ म्हातारीची शाल खांद्यावर घेऊन उठली. ती बिचारी लग्न होऊन आली आणि म्हातारी गेली, तिला काय ठाऊक असणार? तिनं तपकीर ओढल्यासारखं केलं, दोनदा खोकली. लोक भलेपणानं हसले. मग माकान्यारानं मान न वळवता विचारलं, "पाहुण्याबाई, तुमचं काही?"

हाझ्विनेई उठली. पिशवीतून चकचकीत खुळखुळे काढून पोटऱ्यांना बांधले. बायकांचं गोल रिंगण होतं, एका बाजूला ढोल. ती रिंगणात आली आणि मास्टरनी सांगितल्याप्रमाणे लोक जिथे जास्त दिसले तिकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे नेमकी ढोलाकडे पाठ करून! आपल्याकडे नाचणारी बाई ढोलाशी बोलते, ढोल तिच्याशी बोलतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ढोल वाजवणारे काका तिच्या पाठीकडे बघत राहिले आणि बोटांनी उगीच चामडं कुरवाळत बसले. ही मात्र पाय, पाय, कंबर करत होती आणि समोरच्या बकऱ्यांच्या गोठ्याकडे बघून दात दाखवत होती. बायकांच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. नंतर नुसता खुळखुळ्यांचा आवाज राहिला, आणि मग तोही थांबला.

माकान्यारा उठून तिच्यासमोर आली. आवाज चढवला नाही तिनं. "हा नाच कुणी मागितला होता तुझ्याकडे? नाचायला गावभर बायका आहेत. मी आई मागितली होती."

तिनं खुर्चीकडे नुसता हात केला. तेवढ्या हातवाऱ्यानं हाझ्विनेईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वर्षभर ती खुर्ची, ते गोड गोड "राहू द्या", वर ते मोडलेले बुटांचे पैसे, आणि म्हातारी, जी मेली तरी छळायची थांबत नव्हती. ती भडकली, आणि फार बरं झालं भडकली. खुळखुळे ओरबाडून फेकले, धाकट्या जावेच्या खांद्यावरची शाल हिसकावली आणि म्हणाली, "आई पाहिजे? घ्या आई."

एक हात कमरेवर. दुसऱ्या हातानं समोरची हवा बाजूला सारत, कोंबड्या हाकलल्यासारखी, ती रिंगणात चालायला लागली. खालचा ओठ पुढे. चिमटीत तपकीर, ती नाकाशी नेऊन तिथेच थांबवलेली, कारण म्हातारीला आधी कुणाला तरी घालून पाडून बोलायचं असे आणि मग ओढायची असे. चिहेरा कुळातली बाई ती, जिभेला हाड कुठून असणार? लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारे काका मागून म्हातारीला कुळाच्या नावानं हाक मारत ओरडले, "वाचिहेरा, जरा तपकीर दे." हाझ्विनेईनं वळूनही न बघता सुनावलं, की नाक तुझं आणि तपकीर माझी का रे, आधी माझी कुदळ परत कर. काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती कुदळ खरोखरच त्यांच्याकडे होती.

मग म्हातारीचा आवडता खेळ, तोही तिनं सोडला नाही. म्हातारी हरारेच्या सुनेची नक्कल करायची, ती नक्कल. सून म्हातारी झालेली आणि म्हातारी सून होऊन टाचा उंच करून वाळूतून चाललेली! पत्र्याचा मग शालीच्या टोकानं पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. चुलीच्या धुराला नाक मुरडलं. भांडं द्यायला सुनेच्या रीतीनं वाकली आणि गुडघा टेकता टेकता अर्ध्यावरच अडकली. "जपा गं बायांनो, हरारेहून आलीय. काचेचे गुडघे आहेत हिचे, तडकतील." हे वाक्य हाझ्विनेईनं लग्नानंतर पहिल्याच दिवशी, याच अंगणात ऐकलं होतं आणि तेव्हापासून आवंढ्यासारखं घशात बाळगलं होतं. आता ते म्हातारीच्याच आवाजात बाहेर पडलं आणि सगळं अंगण हसून लोळायला लागलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडत होत्या. ढोल आपोआप सुरू झाला होता.

आणि तेव्हा तिचा पाय पुढे गेला. डावा पाय, कुणाकडे न बघता, जमिनीवरून काहीतरी सरकवल्यासारखा.

हाझ्विनेई तिथेच थांबली. हरारेच्या स्वयंपाकघरात तिनं ही नक्कल किती वेळा केली होती, पण हा पाय तिनं एकदाही केला नव्हता. रागात तो तिला आठवलाच नव्हता. त्या पहिल्या दिवशी काचेचे गुडघे म्हणून साऱ्यांना हसवल्यावर म्हातारीनं, तोंड दुसरीकडे ठेवूनच, चुलीजवळच्या गोणपाटाची घडी पायानं तिच्याकडे ढकलली होती, गुडघ्यांखाली घ्यायला. त्यानंतर दर वेळी ढकलत होती. बोलणं ऐकू येई, त्यामुळे ते लक्षात राही. गोणपाटावर ही लक्षही न देता नुसतीच टेकत आली होती. आता तिला म्हातारीची इतकी आठवण आली की उभं राहवेना, आणि स्वतःची लाजही वाटली. तिनं शालीत तोंड लपवलं आणि ती रडली, प्रार्थनेबिर्थनेशिवाय.

माकान्यारानं तो पाय पाहिला होता. तिचं हसणं मध्येच तुटलं. ती रिंगणात आली, शालीतल्या त्या बाईचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, फार वेळ लावलास गं यायला." मग बाजूला तोंड करून नाक शिंकरलं. ढोलवाल्या काकांनी ढोल वाढवला, कारण दोघी बायका अशा उभ्या राहिल्या की पुरुषांना दुसरं काही सुचत नाही.

दुपारी जेवणं झाली. हाझ्विनेई थकली होती, सवयीनं खुर्चीकडे गेली. तर खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर मुगोवे बसला होता, शेंगदाणे सोलत.

"काय बघतेस?" माकान्यारा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दारूची मडकी, सादझाची पातेली, सगळं तसंच पडलंय. ते काय, मुगोवे सांगत होता तो तुझा मास्टर येऊन घासणार?"

"आले, वन्सं," हाझ्विनेई म्हणाली आणि धावली. राखेची टोपली ओढली, पातेलं पुढ्यात घेतलं आणि खाली वाकली. गुडघे टेकायच्या आत चुलीकडून गोणपाटाची एक घडी सरपटत आली. माकान्याराचं तोंड दुसरीकडेच होतं.

"काचेचे गुडघे," ती म्हणाली आणि लाकूड चुलीत सारलं.