बंद स्विचमागची तार

दुपारी एक वाजता विजेच्या नव्या किटलीनेही दगा दिला.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून नोईलीनने ती तासाभरापूर्वीच आणली होती. पाणी तापू लागल्याची पहिली कुजबुज झाली आणि त्यांच्या राहत्या बसच्या दाराशेजारच्या पेटीतला ट्रिप स्विच टक्कन खाली पडला. फ्रिजची घरघर थांबली. पलंगाच्या उशाशी ठेवलेल्या यंत्राचा हिरवा दिवा विझला, आणि बसभर ती शांतता पसरली जिची काल रात्रीपासून दोघांनाही धास्ती बसली होती.

"म्हणजे जुनी किटली चांगली होती," नोईलीन म्हणाली.

"मग बाहेरचा विजेचा खांबच बिघडलाय." आयव्हर पलंगाच्या कडेला बसून होता.

"त्याच खांबावर शेजारच्या क्लेमची गाडी आहे. सकाळपासून त्यांचे तीन चहा झाले."

"क्लेमची गाडी बटाट्यावरसुद्धा चालेल. तिच्यात आहे काय?"

नोईलीनला हसू आले नाही. नऊ महिन्यांपूर्वी आयव्हरच्या मूत्रपिंडांनी काम सोडले. तेव्हापासून रोज रात्री नऊ तास हे यंत्र त्याच्या पोटात द्रव सोडते, शरीराचे विष त्यात उतरू देते आणि तो द्रव पुन्हा ओढून घेते. काल, प्रवासाच्या पहिल्याच रात्री, किंबा गावच्या या प्रवासी गाड्यांच्या तळावर ते चार वेळा बंद पडले. शेवटी पडद्याच्या दांडीला पिशवी टांगून तिने सगळे हातांनी उरकले. हाताने वापरायच्या पिशव्या आता एका दिवसापुरत्याच उरल्या होत्या. निघताना नर्सने बजावले होते, "ही परीक्षा समजा. यंत्र चाललं नाही तर सरळ माघारी या. शौर्य गाजवायचं नाही."

आयव्हरने त्या अटीला फारच चटकन मान डोलावली होती. एकतीस वर्षे दर ऑगस्टमध्ये ती दोघे समुद्रकाठच्या फाउलर्स बेला जात आली होती. यंदा तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला, तेव्हा त्या शब्दांत तिला कुठलेच वर्ष ऐकू आले नव्हते. आजारपणानंतर तो मूंटातल्या घराच्या टपालपेटीपलीकडे गेला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत वीज टिकली नाही तर उद्या बसचे तोंड घराकडे वळणार. आणि एकदा वळले की हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडणार नाही, हे तिला आपल्या तळहातासारखे ठाऊक होते.

दारात सावली पडली. क्लेम फिट्झनर घडीची खुर्ची बगलेत मारून आला होता. सत्तरी उलटलेला, जन्म गव्हाच्या शेतात काढलेला हा शेजारी कालच ओळखीचा झाला होता, आणि ओळख होताच सल्लागारही.

"पुन्हा पडला ना? मुंग्या!" तो म्हणाला. "आमचा शेतावरचा पंप असाच बंद व्हायचा. उघडून बघावं तर आत मुंग्यांचं आख्खं गाव. चर्चसकट."

"सॉकेट तपासलाय मी. एक मुंगी नाही," आयव्हर म्हणाला.

"मग तुझी केबल. वेटोळं करून ठेवली की तापते बघ."

"पूर्ण उलगडलीय. सकाळी तिच्यातच पाय अडकून तू पडलास."

"म्हणूनच अनुभवाने बोलतोय, दोस्ता."

पलीकडून त्याच्या बायकोची, व्हॅल्डाची हाक आली, "क्लेम! त्या माणसाने चाळीस वर्षं घरांना वीज जोडलीय, आणि तू त्याला शिकवतोस? आधी आपल्या टोस्टरचं बघ!"

"बघितलं? घरात माझा मान किती आहे तो," असे म्हणून क्लेमने खुर्ची न उघडताच काढता पाय घेतला.

व्हॅल्डाचे बोलणे खरे होते. मूंटातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत आयव्हरच्या हातच्या तारा होत्या. ही बसही त्याचीच. मूत्रपिंडे बंद पडण्याच्या आदल्या वर्षी त्याने भंगारात निघालेली शाळेची बस परसात आणून उभी केली. तिच्यात पलंग बसवला, ओटा बसवला, गिझर बसवला, आणि शिरांसारख्या बारीक तारा तिच्या अंगातून फिरवल्या. म्हणूनच सकाळपासून त्याने केबल तपासली होती, खांब तपासला होता, किटली बदलायला लावली होती. फक्त आपल्या तारांकडे तो वळला नव्हता, आणि नोईलीननेही त्या दिशेला बोट दाखवले नव्हते. चाळीस वर्षांच्या कारागिरीवर बोट ठेवायला आजारी माणसाची बायको होणे पुरेसे नसते.

ती वही घेऊन बसली. सगळे प्लग काढले, स्विच वर केला आणि एकेक वस्तू परत लावत गेली. दिवे लागले. फ्रिज चालला. टोस्टर लावताच टक्कन आवाज. यंत्र सुरू राहिले, पण द्रव तापवायची त्याची तबकडी चालू होताच पुन्हा टक्कन.

"जे तापतं तेच पाडतं," ती म्हणाली.

"तापणारं जास्त वीज ओढतं. त्यात नवल काय?"

"गिझरही तापतोच की."

"यंत्राला वीज कमी पडू नये म्हणून तो परसात असल्यापासूनच बंद ठेवलाय. स्विचवर लाल पट्टी चिकटवलीय मी. सबंध बसमध्ये तो एकटाच निर्दोष आहे."

दोन वाजता मलमपट्टीची वेळ झाली. नोईलीनने कोपरापर्यंत हात धुतले, मुखपट्टी बांधली. आयव्हर पाठीवर पडला. बेंबीच्या डावीकडे, जिथून ती मऊ पांढरी नळी पोटात शिरत होती, तिथली कातडी तिने पुसून कोरडी केली. बाहेर ऑगस्टमधल्या हिवाळ्याचे थंड, स्वच्छ ऊन होते आणि तळाच्या कुंपणापलीकडे कोवळा गहू वाऱ्याने एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होता.

"उद्या सकाळी निघू," आयव्हर छताकडे पाहत म्हणाला. "घरी."

"अजून संध्याकाळ व्हायचीय."

"नोईलीन, निघण्याआधी परसात महिनाभर हीच बस, हेच यंत्र, एकदाही पडलं नाही. म्हणजे माझं काम चोख आहे. बाहेरच्या जगाला मी काय करू?"

"गिझर एकदा बघ ना."

"बंद आहे म्हटलं ना. बंद म्हणजे बंद."

त्या वाक्यासरशी तिचा संयम सुटला. नळीचे टोक बोटांत धरून ती म्हणाली, "तुझं यंत्रही आत्ता बंदच आहे की, आयव्हर! म्हणून ही नळी पोटातून बाहेर आलीय का?"

रागाच्या भरात ती बोलून गेली होती. त्यात शहाणपणाचा कसलाही आव नव्हता. आयव्हरची नजर मात्र छतावरून हळूहळू उतरून लाल पट्टीच्या त्या स्विचवर येऊन टेकली.

"हे स्विच मी कुठून आणले होते?"

"मला काय विचारतोस? गॅरेजातल्या खोक्यातून. उरलेले होते, म्हणालास."

"घरांचे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एखाद्या पोराने चोरी कबूल करावी तसा झाला. "घराचा स्विच एकच तार तोडतो. वीज आणणारी. वीज परत नेणारी दुसरी तार तशीच जोडलेली राहते. भिंतींच्या घराला ते चालतं. चाकांच्या घरात दोन्ही तोडायच्या असतात. हाताखालच्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवायचो हे. चुकले की ओरडायचो!"

"सवयीने लावलेस."

"हाताने लावले. तपासण्या चालल्या होत्या तेव्हा, डोकं दवाखान्यात होतं."

"आणि गिझर?"

"आतली पाणी तापवणारी कांडी फुटून ओल शिरली असणार. किटलीकडून परत जाणारी वीज त्या राहिलेल्या तारेने गिझरमध्ये शिरते आणि त्याच्या अंगातून जमिनीत गळते. फ्रिज लावला तर थेंबभर. किटली लावली तर ओंजळभर. तेवढी गळती ट्रिप स्विच पडायला पुरते."

"मग परसात का नाही गळली?"

"तिथे मुख्य पेटी सहा पावलांवर. इथे ती पार ऑफिसजवळ, दोनशे मीटरवर. तार लांब, तिच्यावरचा दाब जास्त, गळतीला जोर जास्त." तो उठू लागला.

"थांब! पट्टी तरी चिकटवू दे."

पाच मिनिटांनी तो स्वतः पायऱ्या उतरला. आधी खांबावरचा स्विच बंद केला, मग केबल उपटून गवतावर ठेवली. आता कुठल्याही 'बंद'वर त्याचा विश्वास नव्हता. गुडघे टेकून त्याने ओट्याखालची फळी काढली. नोईलीनने विजेरी धरली. गिझरच्या दोन्ही तारा त्याने सोडवल्या, प्रत्येकीच्या टोकावर टोपी बसवली, आणि एकमेकींपासून दूर दुमडून टाकल्या. पुढची हालचाल आधीच ठाऊक असावी अशी त्याची बोटे चालत होती. कित्येक महिन्यांत नोईलीनने ती बोटे औषधांच्या गोळ्यांखेरीज कशावर झुकलेली पाहिली नव्हती.

केबल जोडली. किटली लावली. पाणी कुजबुजले, गुरगुरले, उकळले. टोस्टर रिकामाच तापला. मग आयव्हरने यंत्राचे बटण दाबले. तबकडी ऊबदार होत गेली आणि तिच्यावर तळहात ठेवून दोघे घड्याळाकडे पाहत राहिली. दहा मिनिटे. वीस. स्विच जागचा हलला नाही.

"चहा?" नोईलीनने विचारले.

"अर्धा कप. पाण्याचं माप आहे मला." मग जरा वेळाने, "पाऊण."

पाच वाजता तळावरची मंडळी नेहमीप्रमाणे आपापली खुर्ची आणि आपापला पेला घेऊन कोंडाळे करून बसली. आयव्हर आपली खुर्ची स्वतः उचलून त्यांच्यात गेला. नोईलीन दारातून ऐकत होती.

"चूक माझी होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "घराचे स्विच बसला लावले मी."

मग क्लेमने पेला उंचावला. "म्हणजे मुंग्यांची निर्दोष सुटका! मित्रांनो, चाळीस वर्षांच्या विजेवाल्याची मला भीती वाटत होती. आज गेली."

"तुझा टोस्टर आण इकडे," आयव्हर म्हणाला, "म्हणजे परत वाटेल."

व्हॅल्डा एवढी हसली की तिच्या बशीतले चीज गवतावर पडले.

सकाळी नोईलीनला जाग आली तेव्हा यंत्राने नऊ तास पुरे करून शेवटचा निचरा केला होता. पडद्यावर एकही इशारा नव्हता. तिने ते दोनदा वाचले, मग आयव्हरला न उठवता बाहेर जाऊन केबल गुंडाळली.

बस तिनेच चालवायला घेतली. तळाच्या फाटकाशी डावीकडे घराची वाट होती, उजवीकडे फाउलर्स बेच्या रस्त्यावरचे सेडुना. आयव्हर शेजारी बसून औषधाच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता. त्याने वर पाहिलेही नाही.

"सेडुनात हार्डवेअरचं दुकान कितीला बंद होतं?"

"पाचला. का?"

"दोन्ही तारा तोडणारे स्विच घ्यायचेत. चार." पेन्सिल थांबली. "नाही, पाच घेऊ. आणि गिझरची कांडी. थंड पाण्याने भांडी घासून तुझे हात किती दिवस गारठवायचे?"

"किती दिवस?" तिने विचारले.

तो बोटांवर मोजू लागला. तिने उजवीकडे वळण घेतले, आणि रस्ता सरळ झाला तरी त्याचे मोजणे संपले नव्हते.